घेण्यास नकार

हेस्टर क्रॅबट्रीला कुणी निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं असं क्रॅगशॉत म्हणत, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. चहा उभ्याने, पेपर उभ्याने. चॅपलमध्येसुद्धा ती बाकाच्या कडेला अशी टेकायची, की उपदेश लांबला तर दाराबाहेर पहिली हीच. १९४२ साली गावचा पोस्टमन लढाईवर गेला आणि एकवीस वर्षांच्या या पोरीच्या खांद्यावर टपालाची पिशवी आली. पोस्टमन परत आला तो एक पाय गमावून. पिशवी हिच्याकडेच राहिली.

रोजची वाट अकरा मैलांची. गिरणीमागच्या घरांच्या रांगा उतरायच्या, पुन्हा चढून माळ गाठायचा, माळावरची शेतघरं घ्यायची आणि शेवटी मिअरचा ओढा ओलांडून पलीकडच्या एकुलत्या एका घरी जायचं. ते घर विल्फ ऑर्मरॉडचं. ओढ्याच्या अलीकडे यॉर्कशायर, पलीकडे लँकेशायर. पण त्याच्या गावच्या पोस्टमनला तिथवर यायला डोंगराला वळसा पडे, म्हणून विल्फचं टपाल क्रॅगशॉतून जाई. विल्फला मेंढ्या होत्या, बायको नव्हती. एकदा, राणीच्या राज्यारोहणाच्या वर्षी, त्यानं हेस्टरला विचारलंही होतं. ती म्हणाली होती, "माणूस तू बरा आहेस रे, पण तुझा उंबरठा चुकीच्या परगण्यात आहे." विल्फ हसला होता. त्यानंतर वीस वर्षं दोघं रोज सकाळी फाटकापाशी पाच मिनिटं भांडत, आणि एखाद्या दिवशी टपाल नसलं तर विल्फला चुकल्यासारखं होई.

१९७४च्या एक एप्रिलला सोमवार होता. त्या दिवशी लंडनच्या एका कायद्यानं क्रॅगशॉ यॉर्कशायरमधून उचलून लँकेशायरच्या पदरात टाकलं. दोन वर्षं सभा झाल्या होत्या, सह्या गोळा झाल्या होत्या, बँडवाल्यांनी काळ्या फिती बांधून वाजवलं होतं. उपयोग शून्य. हेस्टर ओढा ओलांडून गेली तेव्हा विल्फ फाटकावर कोपरं टेकून वाटच बघत होता.

"या, या! अखेर सासरी आलात म्हणायचं."

"तोंड आवर, विल्फ."

"अगं, मी उंबरठा हलवला नाही हां. सरकारनंच तुझं गाव उचलून माझ्याकडे आणलं. आता तरी आमचा मटण-बटाट्याचा हॉटपॉट करायला शीक."

"तुमच्या हॉटपॉटात मटण शोधायला पोलीस लावावे लागतात," हेस्टर म्हणाली. पण रोजच्यासारखी मजा तिला आली नाही. त्याच्या हातात बियाण्यांची जाहिरात कोंबून ती उलटपावली निघाली. ओढ्याच्या पुलावर एरवी ती थांबत नसे. त्या दिवशी थांबली. पाणी तेच, दगड तेच. छातीत मात्र कुणीतरी सामान हलवतंय असं होत होतं.

गावानं एक संघ काढला होता, 'आम्ही यॉर्कशायरचे'. अध्यक्ष होता ईनक अटली. गिरणीत चाळीस वर्षं मुकादमी केलेला, ब्रास बँडचा म्होरक्या, एकदा मान हलवली की हलवली असा माणूस. चिटणीस हेस्टर. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चॅपलच्या मागच्या खोलीत बैठक भरली. कुणी म्हणालं, रस्त्यावरची लँकेशायरच्या लाल गुलाबाची पाटी उपटू. ती उपटून झालीच होती, दोनदा. कुणी म्हणालं, राणीला पत्र लिहू. तेव्हा खिडकीशी उभ्या असलेल्या हेस्टरला ते सुचलं.

"सरकारी कागद येतात त्यांच्यावर आता 'क्रॅगशॉ, लँकेशायर' असं छापलेलं असतं. हो ना? मग घेऊच नका. लँकेशायरात क्रॅगशॉ नावाचं गाव आहेच कुठे? तुम्ही नाही म्हणा, मी त्यावर 'घेण्यास नकार' लिहिते आणि परत पाठवते. कायद्यात बसतं. बसू दे त्यांना पोती उपसत."

खोलीत टाळ्या पडल्या. ईनकनं तिच्या पाठीवर थाप मारली. "बँडमध्ये एवढा एक जरी डोकेबाज असता ना!"

गंमत सुरू झाली. रोज सकाळी दारं उघडत, लोक पाकिटं उलटसुलट बघत, "हे आमचं नव्हे, बाई" म्हणत आणि हसत. हेस्टर निळ्या पेन्सिलीनं त्यावर लिही. परतीच्या पिशवीचं वजन वाढत गेलं. एका वर्तमानपत्राचा माणूस येऊन तिचा फोटो काढून गेला. तिची चाल आणखी जलद झाली. त्रेपन्न वर्षांची ती बाई त्या वसंतात चढावर शीळ घालत जायची.

जूनमधली एक सकाळ. अटलींच्या दारी एक तपकिरी पाकीट होतं. आरोग्य कचेरीचा शिक्का, आणि नाव ईनकचं नव्हे, 'मिसेस झेड. अटली' असं. झिला, ईनकची बायको. झिलाला दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, डोकं ठणकतं, डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळाला लिहिलंय, हे हेस्टरला ठाऊक होतं. टपालवाल्या बाईला गावातलं काय ठाऊक नसतं?

दार ईनकनं उघडलं. अंगात बँडचा कोट; परसात सराव चालला होता. त्यानं पाकीट हातभर लांब धरून पत्ता वाचला.

"लँकेशायर. छे छे. असली कुणी बाई इथे राहत नाही."

"ईनककाका, इस्पितळाचं असेल हं."

"इस्पितळ असो नाही तर बकिंगहॅम पॅलेस. पत्ता शिकू दे त्यांना." आणि त्यानं डोळा मारला.

आतून झिलाचा भांडी घासण्याचा आवाज येत होता. हेस्टरनं एकदा त्या आवाजाच्या दिशेनं पाहिलं. हाक मारायला दोन शब्द पुरले असते. पण परसाच्या कोपऱ्यावर बँडवाले उभे होते, बघत होते. ती हसली, पेन्सिल काढली आणि लिहिलं.

त्या दिवशी माळावर ती पुन्हा पुन्हा पिशवीवरून हात फिरवत राहिली. परत गेलेलं पत्र पुन्हा येईल, दुसरं येईल, अशी समजूत घालत राहिली. दुसरं आलं नाही. आठवडा गेला, महिना गेला. अटलींच्या दारी ती आता थांबत नसे. पत्रं आत सरकवायची आणि पुढच्या दारी. बाजारात झिला दिसली की ही रस्ता बदलायची. आणि घरी आलं की खिडकी उघड, खिडकी लाव, किटली ठेव, किटली विसर.

सप्टेंबरात झिलानं तिला गाठलंच. हेस्टर शेजारच्या दारी वाकलेली असताना झिला भिंतीला हात लावत लावत आली. उंच, शांत बाई. चॅपलमध्ये तीस वर्षं लहान मुलांना शिकवलेली.

"हेस्टर, उभी राहा जरा. आज पळायचं नाही."

हेस्टर उभी राहिली.

"काल डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी इस्पितळात फोन लावला. काचबिंदूच्या ऑपरेशनची तारीख जूनमध्ये पाठवली होती, म्हणे. बाईंनी पत्र परत पाठवलं, म्हणून नाव काढून टाकलं. कुठल्या बाईनं, हेस्टर? मी तर ते पाहिलंसुद्धा नाही."

हेस्टरच्या तोंडून भलताच शब्द फुटला. "ईनककाकांनी—"

"ईनकला मी काल विचारलं. तो म्हणतो, हेस्टर हसली. म्हणून त्याला वाटलं काही विशेष नसेल." झिलाचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "त्याच्यावर नाव कुणाचं होतं गं?"

"तुमचं."

"मग मला का नाही विचारलंत? दोघांनीही? मी तेव्हा दहा पावलांवर तवा घासत होते."

डावा डोळा गेला होता. डॉक्टर म्हणाले, जूनमध्ये केलं असतं तर वाचला असता असं खात्रीनं सांगता येत नाही, पण बहुतेक वाचला असता. ते 'बहुतेक' हेस्टरच्या मागे लागलं. चढावर लागलं, उतारावर लागलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ऑक्टोबरात घाईघाईनं झालं आणि तो वाचला. ईनक इस्पितळाच्या दारात कोट घालून बसून राहिला, म्हणे. कुणाशी बोलला नाही. हेस्टरशी तर नाहीच.

लोकांना कळलं, आणि लोकांनी ते चटकन गिळून टाकलं. "वाईट झालं, पण लढाईत असं होतं," असं कसाई म्हणाला. हेस्टरला वाटलं, लढाईत पाय गेलेला माणूस तिला माहीत होता, त्याला निदान कुठे जातोय हे सांगितलं होतं. दारोदार पाकिटं परत येतच राहिली आणि ती निळ्या पेन्सिलीनं लिहितच राहिली. फक्त आता प्रत्येक पाकिटावरचं नाव ती दोनदा वाचे.

विल्फला तिनं सांगितलं नव्हतं. त्यानंच एका सकाळी विचारलं.

"दोन महिने झाले, तू मला एक शिवी दिली नाहीस. आजारी आहेस का?"

तिनं सगळं सांगितलं. फाटकाच्या अलीकडून, पिशवी न उतरवता, एका दमात. विल्फनं ऐकून घेतलं. त्यानं टोपी काढली, आत बघितलं, परत घातली.

"माझ्याकडून काय ऐकायचंय तुला? काही नाही असं म्हणू? तसं नाही ते."

"नाही. तसं नाही."

"मग इथे माझ्या मेंढ्यांना का सांगतेस? ज्यांनी नाव काढलं त्यांच्याकडे जा. नाही तर उद्या आणखी कुणाचं काढतील."

"म्हणजे लँकेशायरच्या कचेरीत, प्रेस्टनला?"

"माणसं खात नाहीत तिथे. बहुतेक."

नोव्हेंबरात तिनं रजा काढली. बत्तीस वर्षांतली पहिली, असं गावातल्या पोस्टमास्तरनं रजिस्टर उलटून सांगितलं. तीन बस बदलून ती प्रेस्टनला पोचली. आयुष्यभर शिव्या घातलेलं शहर बघून तिला आधी रागच आला, कारण ते अगदी साधं होतं. बायका भाजी निवडत होत्या. कुणाच्या कपाळावर लाल गुलाब नव्हता.

आरोग्य कचेरीतल्या खिडकीमागे ग्लेनिस टॅटरसॉल नावाची तिशीची बाई होती. नुकतंच नवीन खातं, नवीन टेबलं. खोकी अजून उघडायची होती. हेस्टर बसली नाही. उभ्यानं म्हणाली, "मी क्रॅगशॉची. पत्रं परत पाठवणारी ती मीच."

ग्लेनिसनं पेन खाली ठेवलं. "तुम्ही? अहो, तुमच्या गावाचं वेगळं खोकं केलंय आम्ही!" मागे वळून तिनं बोट दाखवलं. खोकं भरून वाहत होतं. वरच्याच पाकिटावर हेस्टरचं अक्षर होतं.

"त्यात इस्पितळाची किती आहेत?"

"मोजली नाहीत. परत आलं की आम्ही समजतो, माणूस राहत नाही."

"माणसं राहतात. तिथेच राहतात. एका बाईचा डोळा गेला त्यात." आणि हेस्टरनं सांगितलं. सांगताना 'ईनक' म्हणाली नाही, 'गाव' म्हणाली नाही. 'मी लिहिलं' असं म्हणाली.

ग्लेनिस म्हणाली, "चूक आमचीपण आहे. एकदा फोन करायला हवा होता. पण बाई, एक सांगू? रागावू नका. माझी आजी उलव्हर्स्टनला असते. सात पिढ्या लँकेशायरची. तुम्ही आमच्यात आलात त्याच दिवशी तिला उचलून कंब्रियात टाकलं. कंब्रिया! हे नाव तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. मी तिला ख्रिसमसचं कार्ड पाठवणार आहे, तर म्हणते, पत्त्यात तो शब्द दिसला तर चुलीत घालीन."

हेस्टरला आधी हसू आलं, मग अजिबात आलं नाही. म्हणजे यांचंही गेलंच होतं. सहा महिने ती ज्यांना चोर म्हणत होती, त्यांच्या घरातही चोरी झाली होती. आणि त्यानं तिला हलकं वाटायच्या ऐवजी कुठेच पाय ठरेनासा झाला. राग धरायचा तर कुणावर?

"नियम मला बदलता येणार नाही," ग्लेनिस म्हणाली. "पण पाकिटं मीच लिहिते. नुसतं 'क्रॅगशॉ' आणि पिनकोड लिहिला तरी पत्र पोचतं का?"

"माझ्याकडे आलं की पोचतं."

मग दोघींनी मिळून ते खोकं उपसलं. इस्पितळाची चौदा पत्रं निघाली. हेस्टर ती घेऊन जाऊ शकत नव्हती, नियम होता. ग्लेनिसनं चौदा नवी पाकिटं लिहिली आणि संध्याकाळच्या टपालात टाकली. दुसऱ्या दिवशी तीच पत्रं हेस्टरच्या पिशवीत आली. बहुतेकांची तारीख उलटून गेली होती, पण नावं यादीत परत चढली. चौदाही दारांवर तिनं टकटक केली आणि ज्याचं नाव त्यालाच बोलावून हातात पत्र दिलं.

त्यानंतरच्या बैठकीत चॅपलच्या खोलीत ती पहिल्यांदाच सगळ्यांसमोर उभी राहून अडखळली.

"नकाराची युक्ती माझी होती. मी ती मागे घेते. इथून पुढे ज्याच्या नावाचं पत्र त्यानं स्वतः दारात येऊन नाही म्हटलं तरच मी लिहीन. नवऱ्यानं बायकोचं नाही, पोरानं म्हातारीचं नाही."

"म्हणजे शरण जायचं?" कसाई ओरडला.

"प्रेस्टनला जाऊन आली ना. चहा पाजला असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"पाजला," हेस्टर म्हणाली. "चांगला होता."

ते बोलायला नको होतं. खोली उसळली. सगळ्यांच्या नजरा ईनककडे गेल्या. त्यानं मान वर केली नाही, टेबलावरच्या शिरा बोटानं मोजत राहिला. अखेर म्हणाला, "चिटणीस नवा बघा," आणि उठून निघून गेला. तो तिच्या बाजूनं होता की विरुद्ध, हे कुणालाच कळलं नाही, हेस्टरलाही नाही.

दुसऱ्या सकाळी तिच्या दारावर खडूनं लाल गुलाब काढलेला होता, खाली 'गद्दार'. तिनं तो पुसला नाही. पुसायला थांबलं तर रडू येईल असं वाटलं, म्हणून कामावर गेली. काही घरांत आता तिच्या हातून पत्र घेताना कुणी हवापाण्याचंही बोलत नसे. एका म्हातारीनं पाकीट चिमट्यानं घेतलं. हेस्टर वेगानं चालायची. इतक्या वेगानं, की विल्फकडे वीस मिनिटं आधी पोचायची आणि मग ओढ्याच्या काठानं उगाच वर-खाली फिरत राहायची. या बाजूला तिला कुणी आपलं म्हणत नव्हतं, त्या बाजूची ती नव्हती. तिला वाटे, बदली मागावी, समुद्रापाशी कुठेतरी जावं. अर्ज लिहिला. अर्ज आठ दिवस पिशवीत फिरला.

फेब्रुवारीत, बर्फ पडलेलं असताना, झिला अटली तिच्या दारी आली. ईनकच्या हाताला धरून. ईनक बाहेरच थांबला. झिला आत आली, न विचारता खुर्चीवर बसली.

"चिटणीस मी झालेय," ती म्हणाली.

"कुठली?"

"संघाची. तोंड कशाला उघडं टाकतेस? यॉर्कशायर काय फक्त बँडवाल्यांचं आहे? माझंही आहे. डोळा गेला म्हणून परगणा सोडू? दोन्ही का घालवू?"

हेस्टरनं विचारलं, "माझ्यावर राग नाही तुमचा?"

"आहे की. रोज सकाळी उठल्यावर असतो. दुपारपर्यंत कमी होतो." झिलानं पर्समधून वह्या काढल्या. "मी ठरवलंय. प्रत्येक कागद घ्यायचा, वाचायचा आणि प्रत्येकाला उत्तर लिहायचं. वर मोठ्या अक्षरात पत्ता, क्रॅगशॉ, यॉर्कशायर. खाली लिहायचं, 'आपण पत्ता चुकवलात, कृपया नोंद दुरुस्त करावी.' परत पाठवलेलं पाकीट ते खोक्यात टाकतात. पत्राला मात्र उत्तर द्यावं लागतं. बघू कोण आधी दमतं. पण माझं अक्षर आता ओळीत राहत नाही. ओळ कुठे सुटते ते सांगायला कुणीतरी पाहिजे. आणि ईनकला मी टपालपेटीपर्यंत पळवणार आहे, त्याची शिक्षा अजून संपलेली नाही."

बाहेर ईनक बर्फात पाय आपटत होता. हेस्टरनं दार उघडून त्याला म्हटलं, "ईनककाका, आत या. थंडी आहे." तो आत आला. टोपी काढली. "किटली ठेव, पोरी," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलू लागला, पण जून महिन्याबद्दल मरेपर्यंत कधी नाही.

बदलीचा अर्ज हेस्टरनं फाडला. दर गुरुवारी दोघी लिहीत. सहा वर्षांत, म्हणजे हेस्टर निवृत्त होईपर्यंत, झिलानं कचेऱ्यांना अकराशेच्या वर पत्रं लिहिली. गाव लँकेशायरातून परत गेलं नाही. पण गॅसवाल्यांनी कंटाळून पत्त्यातून परगणा गाळला, मग ग्रंथालयानं गाळला. कसाईही हळूहळू पत्रं लिहून घ्यायला झिलाकडे येऊ लागला. तो गुलाब कुणी काढला होता ते हेस्टरला तेव्हा कळलं, कारण सही करताना त्याला 'र' उलटा काढायची सवय होती आणि गुलाबाखालच्या शब्दात तेच अक्षर होतं. तिनं त्याच्या पत्रावर तिकीट चिकटवलं.

निवृत्तीनंतर दोघी माळावर फिरायला जात. झिला हेस्टरच्या कोपराला धरी आणि सारखी म्हणे, "हळू चाल गं, कुणी मागे लागलंय का?" १९८३च्या मे महिन्यात त्या वरच्या भिंतीपाशी टेकल्या होत्या, म्हणजे झिला टेकली होती, तेव्हा पाठीवर पडशी घेतलेला मँचेस्टरकडचा एक तरुण शिक्षक वाट चुकून आला. नकाशा वाऱ्यावर फडफडत होता.

"माफ करा हं मावशी, मी आत्ता लँकेशायरात आहे की यॉर्कशायरात?"

हेस्टरनं तोंड उघडलं. बासष्ट वर्षांत या प्रश्नावर तिला कधी विचार करावा लागला नव्हता. ओढा, प्रेस्टनची ती खिडकी, ग्लेनिसची आजी, सगळं एकदम आलं आणि जिभेवर काहीच टिकेना.

"बस खाली, बाळ," झिला म्हणाली, आणि भिंतीवर आपल्या शेजारची जागा थोपटली. "घाई नाही ना तुला?"

ती सांगू लागली, हजारएक वर्षांपूर्वी डेन लोक समुद्रावरून आले तिथपासून. त्या शिक्षकानं आधी घड्याळ बघितलं, मग सोडून दिलं. पश्चिमेकडून काळा ढग सरकत येत होता. हेस्टर त्या दोघांभोवती फेऱ्या घालत राहिली, आणि पहिला थेंब गालावर पडला तशी म्हणाली, "चला उठा आता, पुढचं चालता चालता सांगा."